यमाच्या वाट्याचा भात

सोमवार, ५ जानेवारी

नव्या दैनंदिनीची पहिली चार पाने कोरी राहिली, याचा दोष माझ्याकडे नाही. ज्या घरात सव्वादोन वर्षांच्या एका व्यक्तीच्या पोटात दोन घास जावेत म्हणून सगळी प्रौढ माणसे सकाळभर खपतात, त्या घरात लेखन संभवत नाही.

प्रस्तुत व्यक्ती म्हणजे माझी नात तनया. आमची कन्या कल्याणी हिच्या बाळंतपणासाठी सौ. सुहासिनी बंगळुरूस गेल्यापासून ही जबाबदारी माझ्यावर आली आहे. चिरंजीव अवधूत सकाळी हिंजवडीच्या दिशेने निघतो, सूनबाई प्रियदर्शनी खराडीच्या. सहकारनगरच्या या घरात मागे उरतो मी, तनया आणि स्वयंपाक व मूल अशी दोन्ही कामे पाहणाऱ्या यमुनाबाई.

आज नाचणीची पेज केली होती. ती माझ्या धुतलेल्या लेंग्यावर आली. त्याआधी गुरगुट्या भात झाला, त्याआधी केळे. प्रत्येक वेळी तीच कृती: ओठ घट्ट, मान डावीकडे, मग उजवीकडे, आणि चुकून घास आत गेलाच तर तो सावकाश, आपल्याकडे पाहत, बाहेर. चाळीस वर्षे बुधवार पेठेतील एका छापखान्यात मी मुद्रिते तपासली. नामवंत लेखकांचा हट्ट मोडला. हा मोडत नाही.

दुपारी माझ्या ताटात कोशिंबीर भाताला टेकली होती. ताट परत पाठवले. भाजी उजवीकडे, कोशिंबीर डावीकडे, मीठ शिरोभागी आणि एकाने दुसऱ्यास स्पर्श करू नये, एवढी साधी गोष्ट यमुनाबाईंना अजून सांगावी लागते. दुसरे ताट आले, तोवर वरण निवले होते. निवलेले वरण मी घेत नाही.

मुलीला हे नखरे कोठून आले, मला अगम्य आहे. तिच्या आईकडून आले असावेत.

गुरुवार, ८ जानेवारी

बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन आलो. तनयाचे वजन वयाच्या मानाने कमी आहे आणि गेल्या तीन महिन्यांत जागचे हललेले नाही. त्यांनी टॉनिकची बाटली लिहून दिली व महिनाअखेरीस पुन्हा बोलावले. तोवर वजन वाढले नाही तर रक्त वगैरे तपासावे लागेल.

रात्रीच्या जेवणाला प्रियदर्शनीने जाहीर केले, "बाबा, मी ठरवलंय. ह्या महिन्यात काही फरक पडला नाही, तर मी तिला अमरावतीला आईकडे नेऊन ठेवते. शाळेत घालेपर्यंत राहू दे तिकडेच."

म्हणजे सुमारे दीड वर्ष!

मी अवधूतकडे पाहिले. तो म्हणाला, "बघू." माझा मुलगा आयुष्यात एवढे एकच क्रियापद शिकला.

संताप होतो तो याचा की, ज्या शहरातल्या मार्केट यार्डात पहाटेपासून धान्याने आणि भाजीने भरलेले ट्रक रिते होत असतात, त्या शहरातून एक मूल अन्नासाठी अमरावतीस धाडले जावे! लोक काय म्हणतील? माझे काही बिघडत नाही. उलट दुपारची झोप तरी मिळेल. सध्या ती मला मिळत नाही, कारण तनया माझ्या पोटावर दोन्ही पाय ठेवल्याशिवाय झोपत नाही आणि ती जागी होईल म्हणून मला कुशीवर वळता येत नाही.

दीड वर्षाने तिला मी ओळखू येणार नाही. हे केवळ वस्तुस्थिती म्हणून नोंदवीत आहे.

रविवार, ११ जानेवारी

सुटीचा दिवस, म्हणजे सामुदायिक प्रयत्न. प्रियदर्शनी वाटी घेऊन पुढे, तनया पळते आहे, अवधूत मोबाइलवर नाचणारी गाजरे दाखवतो आहे. तोंड उघडले की घास आत सारायचा! ही भरवण्याची रीत नव्हे, हा दरोडा आहे. तसे मी म्हणालो. प्रियदर्शनी म्हणाली, "मग तुम्ही सांगा बाबा, कसं भरवू?" मी सांगितले की मुलाला एकदा ताटावर बसवावे, संपेपर्यंत उठू देऊ नये. तिला ताटावर बसवले. ती बसली. आम्ही सर्व भोवती बसलो. तनया आमच्याकडे पाहत राहिली, आम्ही तिच्याकडे. शेवटी ती ताटावरच झोपली.

सुहासिनीचा फोन आला. मी तक्रार सांगितली. ती हसली.

"अहो, तुम्हाला मुंजीपर्यंत सासूबाई भरवत होत्या, माहीत आहे ना?"

"असत्य."

"आणि भाताला आमटी लागली म्हणून तुम्ही माझ्या भावाच्या लग्नातल्या पंगतीतून उठला होतात."

"ती आमटी नव्हती. रस्सा होता."

"बरं बाई, रस्सा. पोरीला ओरडू नका, एवढंच सांगते." आणि तिने फोन ठेवला. विषयाचा आणि त्या पंगतीचा संबंध काय?

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. शेजारपाजारच्या स्त्रिया तिळगूळ घेऊन आल्या आणि प्रत्येकीने सल्ला दिला. एकीने ओव्याचे पाणी सांगितले, दुसरीने दृष्ट काढायला, तिसरी प्रियदर्शनीला म्हणाली, "तुमच्याकडचं तिखट मानवत नसेल हो तिला." तनयाने तिसरीचा तिळगूळ तिच्याच हातावर परत दिला, चावून.

प्रियदर्शनी हल्ली ओट्याशी उभ्यानेच जेवते. डबाही अर्धा परत येतो, असे यमुनाबाई म्हणाल्या. उभ्याने जेवू नये, हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "बसले की उठावं लागतं, बाबा." हे उत्तर नव्हे.

सोमवार, १९ जानेवारी

घडू नये ते घडले.

मी भोजनास पाटावर बसलो. नित्याप्रमाणे ताटाभोवती पाणी फिरवले आणि ताटाच्या उजव्या बाजूस, पुसलेल्या फरशीवर, भाताचे बोराएवढे पाच घास मांडले. चित्राय स्वाहा, चित्रगुप्ताय, यमाय, यमधर्माय, आणि शेवटचा सर्व भूतांसाठी. जेवण झाल्यावर या चित्राहुती मी गॅलरीत चिमण्यांना ठेवतो. मुंज झाल्यापासून यात खंड नाही. घास मांडून मी डोळे मिटले. उघडले तो चार.

प्रथम वाटले, मांडतानाच माझी चूक झाली. पण माझी चूक होत नाही. इतक्यात माझ्या उजव्या गुडघ्यामागून एक लहान हात आला आणि चित्रगुप्त नाहीसा झाला. मग यम गेला. मग यमधर्म. चावण्याचा आवाज स्पष्ट येत होता. अखेर सर्व भूतांचा वाटाही गेला, आणि माझ्यापुढे एक रिकामा तळहात आला.

"संपलं," तनया म्हणाली.

हा शब्द या घरात तिच्या तोंडून प्रथमच ऐकला. मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की यमुनाबाई धावत आल्या. "काय झालं, काका?"

"काही नाही."

काय सांगणार? यमाच्या वाट्याचा भात माझ्या डोळ्यांदेखत माझ्या नातीने खाल्ला, हे सांगायचे?

मंगळवार, २० जानेवारी

आज पुन्हा! मी हात आडवा धरला, तर ती पलीकडून आली.

आमचे उपाध्याय बद्रीनाथशास्त्री यांना दूरध्वनी केला.

"शास्त्रीबुवा, यमाची आहुती लहान मुलाने खाल्ली तर प्रायश्चित्त काय?"

"यमाकडून तक्रार आली आहे का?"

"मी गंभीरपणे विचारतो आहे."

"मीही. तक्रार आली की कळवा. ठेवू?"

आणि त्यांनी ठेवला. पुण्यातल्या पौरोहित्याला ही अवकळा आली आहे.

दुपारी तनया शिंकली. कपाळ पुन्हा पुन्हा पाहिले. ताप नाही. तरीही हा प्रकार बंद करणे भाग आहे.

बुधवार, २१ जानेवारी

आज आहुती मांडल्याच नाहीत. 

तनया वेळेवर आली. माझ्या उजव्या बाजूस बसली. फरशीकडे पाहिले, तेथे बोट फिरवून पाहिले, वाकून ताटाखाली पाहिले. नंतर माझ्याकडे पाहिले आणि उठून गेली. यमुनाबाईंची खिचडी नाकारली. टॉनिकचा चमचा उडवला. संध्याकाळी आई आली तेव्हा दाराशी जाऊन तिच्या पायांना मिठी मारून रडली. रिकाम्या पोटी मुले रडतात तशी. प्रियदर्शनी पर्स खांद्याला तशीच ठेवून बराच वेळ जमिनीवर बसून होती.

जेवण मलाही गेले नाही. वरणात मीठ कमी असावे.

गुरुवार, २२ जानेवारी

विचारान्ती पुढील निष्कर्षास आलो आहे. आहुती एकदा मांडली की ती माझी राहत नाही. ती कोणी उचलावी, हे ठरवण्याचा अधिकारही मला राहत नाही. आजवर चिमण्या नेत होत्या. चिमण्यांना मी कधी यमाचे मुखत्यारपत्र मागितले नव्हते. शिवाय पाचवा घास सर्व भूतांचा. तनया त्यांत मोडते.

आज मांडल्या. बोराएवढ्या नव्हे, आवळ्याएवढ्या. वर तूप घातले. आवळ्याएवढी आहुती घालू नये, असे कोठे लिहिलेले माझ्या वाचनात नाही.

सर्व गेल्या.

एक नियम आढळला. माझे डोळे उघडे असले तर ती हात मागे घेते. हे चोराचे लक्षण आहे. तरी मी डोळे मिटतो. आमच्या दोघांत जे चालले आहे त्याविषयी कोणासही सांगितलेले नाही. सांगितले की वाटी, मोबाइल आणि चार माणसे पाटाभोवती गोळा होतील.

रविवार, २५ जानेवारी

पुन्हा सामुदायिक प्रयत्न. सर्वांदेखत आहुती मांडणे शक्य नव्हते. डोकेदुखीचे निमित्त करून मी जेवलोच नाही. तनया दिवसभर कपभर दुधावर राहिली. प्रियदर्शनी शेवटी वाटी आपटून म्हणाली, "काय करून राहिली ग तू? मला नोकरी सोडायला लावशील का?" एरवी 'करून राहिली' हा प्रयोग मी या घरात चालू देत नाही. आज दुरुस्त केले नाही.

शनिवार, ३१ तारखेचे अमरावतीच्या दुपारच्या गाडीचे तिकीट तिने काढले. दोन मोठ्यांची तिकिटे. अवधूतही पोहोचवायला जाणार. तो काय म्हणाला, हे लिहिण्याची आवश्यकता नाही.

दुपारी तो तनयाला कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात घेऊन गेला.

मंगळवार, २७ जानेवारी

प्राणिसंग्रहालयाचे परिणाम आज दिसले. पाच आहुती संपल्यावर हात आला नाही, प्रश्न आला.

"आजोबा, हत्तीला?"

हत्तीला काय? पण सर्व भूतांत हत्ती येतो, हे नाकारता येईना. "हस्तिने स्वाहा," म्हणून मी घास मांडला, डोळे मिटले. हत्ती गेला.

"वाघोबाला?"

"व्याघ्राय स्वाहा."

"सापाला?"

"सर्पाय." सापाला हिरवे आवडते असे सांगून त्याच्या घासात मी पालकाची भाजी कालवली. हे असत्य आहे. भात आणि पालक माझ्या हाताने कालवले! बोटे अजून धुवावीशी वाटत आहेत.

मग अस्वल, माकड, मगर, मोर. मोराला लाल भोपळा लागला. चित्रांच्या पुस्तकातला जिराफही जेवायला आला. जिराफास संस्कृतात काय म्हणतात ते आठवेना आणि खरकट्या हाताने कोश काढता येईना. "जिराफाय" म्हणालो. ही तडजोड येथे स्पष्टपणे नोंदवून ठेवतो.

यमुनाबाईंनी दारातून पाहिले. "काका, भात उरला न्हाई आज," एवढेच म्हणून त्या आत गेल्या.

गुरुवार, २९ जानेवारी

प्रियदर्शनी आज न कळवता दुपारी घरी आली. बॅग भरायची होती म्हणे. माझे डोळे मिटलेले होते. उघडले तेव्हा ती दारात उभी होती आणि तनयाच्या तोंडात मगर होती.

"बाबा, हे काय चाललंय?"

"भोजन."

"ती खालचं खातेय!"

"जागा पुसलेली आहे."

"आईंनी मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, ते यमाचं असतं, त्याला हात लावायचा नाही. आणि तुम्ही माझ्या लेकराला तेच चारून राहिले?"

"मी चारत नाही. ती घेते."

"किती दिवसांपासून?"

मी ताटातले मीठ सरळ केले. यमुनाबाई आत भांडी घासत होत्या. भांड्यांचा आवाज थांबला.

"म्हणजे रोजच," ती म्हणाली.

"तू अभियंता आहेस. तुझा यमावर विश्वास केव्हापासून?"

"लेकराच्या बाबतीत माझा सगळ्यांवर विश्वास आहे. दृष्टीवर आहे, यमावर आहे, त्या बाटलीवर आहे. पण तुमचं काय? तुम्ही तर मानता ना हे सगळं? मग तुम्हाला कसं चाललं?"

या प्रश्नास उत्तर आहे. त्या वेळी सुचले नाही. आत्ताही सुचत नाही.

तिने तनयाला उचलले, तिचे तोंड पुसले आणि आत नेले. तनया ओरडत होती, "मोर! मोर राहिला!"

पाटावर मी आणि मोराचा घास. एवढ्या वयात स्वतःच्या घरात मला कोणी असे बोललेले नाही.

शुक्रवार, ३० जानेवारी

वजन वाढले. तपासणीची आता गरज नाही. बालरोगतज्ज्ञ प्रसन्न मुद्रेने म्हणाले, "टॉनिक छान लागू पडलं." बाटली घरी जवळपास भरलेली आहे, त्यातले जे बाहेर आले ते भिंतीवर आहे. मी तोंड उघडणार होतो. प्रियदर्शनीने माझ्याकडे पाहिले. मी उघडले नाही.

रिक्षात मी म्हणालो, "आता तिकीट रद्द करण्यास हरकत नसावी."

"जाते मी, बाबा."

"वजन वाढले आहे."

"हो ना. आणि ते कशानं वाढलं, ते मला सोडून घरात सगळ्यांना माहीत होतं." ती बाहेर पाहत बोलत होती. "मी रोज ऑफिसातनं फोन करते, काय खाल्लं म्हणून विचारते. 'विशेष नाही' म्हणायचे तुम्ही. मी तिकडे बाथरूममध्ये जाऊन रडून राहिले आणि इकडे पोरगी जेवून राहिली. माझी आई निदान सांगेल तरी."

काय हा आरोप! मी सांगितले असते तर तिने थांबवले असते. काल थांबवलेच की नाही? मी कोणाचे काय बिघडवले? मूल जेवले. घरातले एकमेव माणूस मी, ज्याच्याजवळ मूल जेवले, आणि शिक्षाही मलाच.

विशेष नाही, असे मी म्हणत होतो, हे मात्र खरे आहे.

शनिवार, ३१ जानेवारी

गाडी दुपारची, म्हणून जेवण लवकर. अवधूत मोटारीच्या चाकांत हवा भरायला गेला होता. पॅसेजमध्ये एक बॅग भरून ठेवलेली. दुसरी प्रियदर्शनी आतल्या खोलीत भरत होती. ती म्हणाली होती, "तिला आज तुमच्याजवळ बसू दे, बाबा. शेवटचंच आहे." हे 'शेवटचंच' तिने कशासाठी म्हणावे? आहुती मांडल्या.

यम जेवला, चित्रगुप्त जेवला, हत्ती, वाघ, साप जेवले. परवा राहिलेला मोर दोनदा जेवला. मग तनया म्हणाली, "आईला."

"आई प्राणी नाही."

"आईला!"

वाद घालण्यास वेळ नव्हता. "मात्रे स्वाहा," म्हणालो, घास मांडला आणि डोळे मिटले. चावण्याचा आवाज आला नाही. पाहिले, तर तनया तो घास ओंजळीत धरून, तुपाचे थेंब सांडत, खोलीकडे निघाली होती. फरशीचा नाश. पाटावरून मला खोलीचे दार समोर दिसते.

"आई, स्वाहा."

"मला नको, पिल्लू. तू खा." प्रियदर्शनी बॅगेपुढे गुडघ्यांवर बसली होती. तिने मान फिरवली. ओठ घट्ट.

तनयाने आग्रह केला नाही. तिच्यामागे धावली नाही. आईच्या उजव्या बाजूस, फरशीवर, तिने तो घास नीट ठेवला. मग आपले दोन्ही डोळे घट्ट मिटले आणि उभी राहिली.

प्रियदर्शनी घासाकडे पाहत राहिली, मग मिटलेल्या डोळ्यांकडे. मग माझ्याकडे. माझ्याकडे पाहण्याचे कारण नव्हते. तरी मी मान खाली घातली नाही. तिचा चेहरा सकाळपासून काही न खाल्लेल्या माणसाचा होता. असा तो किती दिवस असेल, कोण जाणे. हे घरात कोणी पाहायचे असते?

तिने घास उचलला आणि खाल्ला.

तनयाने एक डोळा उघडला. "संपलं?"

"संपलं," प्रियदर्शनी म्हणाली, आणि तनयाला जवळ ओढून हसायला की रडायला लागली, ते इतक्या अंतरावरून सांगता येणार नाही.

थोड्या वेळाने ती बाहेर आली. ओट्याकडे वळणार, तोच मी म्हणालो, "उभ्याने नाही. इथे बस. यमुनाबाई, ताट आणा." ती बसली. पहिली पोळी मी वाढली. भाजी डावीकडे वाढली गेली, हे नंतर लक्षात आले. तिने ती पोळी संपवली आणि दुसरी मागितली. खाता खाता म्हणाली, "ह्यापुढे मला रोज फोनवर सांगायचं, बाबा. हत्ती जेवला का, साप जेवला का, सगळं."

"तसे कळवले जाईल."

अवधूत किल्ली वाजवत आला. "अगं, निघायचं ना? उशीर होतोय."

"मला जेवू तर दे," ती म्हणाली. तिसरी पोळी होती. अवधूत घड्याळ, बॅग आणि बायको यांच्याकडे आळीपाळीने पाहत उभा राहिला. 'बघू' म्हणण्याचेही त्याला सुचले नाही. शेवटी मीच त्याला खाली बसायला सांगितले.

यमुनाबाई निघाल्या तेव्हा त्यांना म्हणालो, सोमवारपासून भात जास्त लावा.

"पाव्हणं येनार हायेत का, काका?"

"नाही. आहेत तीच माणसे आहेत. जेवतील, असे दिसते."